मसूर, पालाश आणि जीडीपी: सास्काचेवानची आर्थिक आकडेवारी कशी काढावी, कशी वाचावी

बाहेरून येणारा मसूर, रगड्याचा पांढरा वाटाणा आणि उसाला-केळीला घालायचा पोटॅश यांचा माग काढत गेलं की कॅनडातला एकच प्रांत पुन्हा पुन्हा समोर येतो, सास्काचेवान. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, लोकसंख्या जेमतेम साडेबारा लाख. राजधानी रेजायना, सर्वांत मोठं शहर सास्काटून. कॅनडातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन इथे आहे. जगात निघणाऱ्या पोटॅशचा साधारण तीस टक्के वाटा इथला, आणि कॅनडाचं सगळं युरेनियम याच प्रांताच्या उत्तर भागातून येतं.

डाळीचे व्यापारी, खतांचा अभ्यास करणारे, अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि तिकडे नोकरीला गेलेली आपली मंडळी, सगळ्यांना कधी ना कधी या प्रांताचे आकडे लागतात. आकडे फुकट मिळतात आणि चांगल्या दर्जाचे आहेत. चुका होतात त्या वाचताना. माणसं थोडी आणि माल प्रचंड, त्यामुळे एक खाण बंद पडली, एका उन्हाळ्यात पाऊस दडला किंवा एका खताचा भाव चढला तरी सगळ्या प्रांताचा आकडा हलतो. म्हणून पहिला नियम इथेच सांगतो. पैशाचा आकडा आणि वजनाचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय इथल्या वाढीबद्दल एक वाक्यही लिहू नका.

कोणते तक्ते घ्यायचे

मूळ स्रोत एकच धरा, स्टॅटिस्टिक्स कॅनडा, म्हणजे बोलीतलं स्टॅटकॅन. प्रांताचं स्वतःचं सांख्यिकी कार्यालयही आहे, त्याचा डॅशबोर्ड झटपट नजर टाकायला उत्तम. पण तिथले बहुतेक आकडे स्टॅटकॅनकडूनच आलेले असतात, म्हणून हिशेब करायचा तर मूळ तक्त्यावर जावं. स्टॅटकॅनच्या संकेतस्थळावर शोधपेटीत तक्त्याचा क्रमांक टाकला की तो थेट उघडतो. हे क्रमांक वहीत लिहून ठेवा:

- 36-10-0402-01: उद्योगवार जीडीपी, प्रांतनिहाय, वार्षिक
- 36-10-0222-01: खर्चाच्या बाजूने मोजलेला जीडीपी, प्रांतनिहाय, वार्षिक
- 32-10-0359-01: मुख्य पिकांचं क्षेत्र, उतारा आणि उत्पादन
- 32-10-0045-01: शेतीतून हाती आलेली रोख रक्कम
- 16-10-0048-01: कारखान्यांची मासिक विक्री, प्रांतनिहाय
- 25-10-0063-01: कच्च्या तेलाचं उत्पादन आणि विल्हेवाट, मासिक
- 14-10-0287-03: रोजगार, मासिक, प्रांतनिहाय

यात मासिक जीडीपी का नाही, हा प्रश्न नवख्याला पडतोच. स्टॅटकॅन महिन्याचा उद्योगवार जीडीपी फक्त संपूर्ण कॅनडासाठी काढतं. क्युबेक आणि ओंटॅरिओ वर्षाच्या आतले आकडे स्वतःच्या यंत्रणेतून देतात. सास्काचेवानसाठी वर्षाचा आकडा येईपर्यंत तेल, कारखान्यांची विक्री, निर्यात आणि रोजगार यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. कॅनडाच्या मासिक वाढीचा टक्का उचलून सास्काचेवानला लावणं साफ चूक. देशाचा आकडा मुख्यतः ओंटॅरिओ आणि क्युबेकच्या सेवाक्षेत्रावर चालतो, या प्रांताचा खाण आणि शेतीवर.

उद्योगवार वार्षिक आकडे मागच्या वर्षासाठी साधारण मेच्या सुरुवातीला येतात. खर्चाच्या बाजूचे आकडे आणि त्यासोबतच्या दुरुस्त्या नोव्हेंबरमध्ये. प्रकाशनाची वेळ पूर्व कॅनडाच्या घड्याळाने सकाळी साडेआठ, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात. मध्ये एक तास सरकतो, कारण कॅनडाची राजधानी ओटावा घड्याळं पुढेमागे करते आणि भारत करत नाही.

फाइल उघडल्यावर आधी काय बघायचं

पडद्यावर तक्ता उघडतो तेव्हा शेवटची मोजकी वर्षं आणि काही ठरावीक उद्योगच दिसतात. तेवढंच उतरवून घेतलं तर अर्धं काम राहून जातं. तक्ता बदलायच्या बटणावर जाऊन भूगोलात फक्त सास्काचेवान, उद्योगांत सगळे स्तर आणि कालावधीत किमान दहा वर्षं निवडा, मग सीएसव्ही, म्हणजे शीटमध्ये उघडणारी साधी फाइल, उतरवा.

त्या फाइलमध्ये प्रत्येक आकड्याला स्वतंत्र ओळ असते. वर्ष, प्रदेश, उद्योग, एकक, गुणक, मूल्य, दर्जाची खूण असे रकाने ओळीने येतात. मूल्याच्या रकान्यावर उडी मारायच्या आधी गुणकाचा रकाना वाचा. जीडीपीच्या तक्त्यात तिथे 'मिलियन्स' असतं, म्हणजे प्रत्येक आकडा दहा लाख डॉलरमध्ये आहे. 80,500 असं दिसलं तर ते 80.5 अब्ज, आपल्या भाषेत 8,050 कोटी डॉलर. अब्ज म्हणजे शंभर कोटी. इथे एक शून्य घसरलं की पुढचं सगळं गाडं घसरतं, म्हणून रूपांतर प्रत्येक ठिकाणी न करता शीटमधल्या एकाच खान्यात करून ठेवा.

उद्योगाच्या नावापुढे चौकटी कंसात संकेतांक असतो. 11 म्हणजे शेती, वन आणि मासेमारी. 21 खाणी आणि तेल-वायू, 22 वीज-पाणी, 23 बांधकाम, 31 ते 33 कारखानदारी, 41 घाऊक व्यापार, 91 सरकारी प्रशासन. संकेतांक जितका लांब तितका उद्योग बारीक: 211 तेल-वायू उपसा, 212396 पोटॅश खाणी. 'टी' अक्षराने सुरू होणारे संकेतांक मात्र बेरजांचे गट आहेत. टी001 म्हणजे सगळे उद्योग, टी002 वस्तू बनवणारे, टी003 सेवा देणारे, टी016 ऊर्जा क्षेत्र. ऊर्जा क्षेत्रात 211 चा भाग पुन्हा मोजलेला असतो. 'टी'च्या ओळी वेगळ्या काढल्याशिवाय रकान्याची बेरीज मारली तर तोच डॉलर दोन-तीनदा मोजला जातो. पहिल्यांदा फाइल हाताळणाऱ्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

दर्जाच्या खुणा दुर्लक्षू नका. दोन टिंबं म्हणजे त्या काळाचा आकडा उपलब्ध नाही, तीन टिंबं म्हणजे तो प्रश्नच तिथे लागू नाही. 'ई' असेल तर जपून वापरा, 'एफ' म्हणजे छापण्याइतकाही भरवशाचा नाही, 'पी' प्राथमिक, 'आर' दुरुस्त केलेला. आणि 'एक्स' म्हणजे कायद्याने झाकलेला आकडा. एखाद्या उद्योगात दोन-तीनच कंपन्या असल्या की आकडा छापणं म्हणजे त्यांचा हिशेब उघडा करणं, म्हणून स्टॅटकॅन तो दडवतं. सास्काचेवानसारख्या प्रांतात मोठे कारखाने मोजके असल्यामुळे कारखान्यांच्या विक्रीत असे खाने भरपूर भेटतात. 'एक्स'च्या जागी शून्य भरू नका आणि तो खाना मोकळाही सोडू नका. 'झाकलेला' असा शब्द लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचीच शीट तुम्हाला सांगेल की त्या वर्षी तेलशुद्धीकरण झालंच नव्हतं.

डॉलर कुठला, किंमत कुठली

जीडीपीचा आकडा तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय उचलायचा नाही. चालू किमतीचा की स्थिर किमतीचा? मूळ किमतीचा की बाजारभावाचा? उद्योगाच्या बाजूने मोजलेला की खर्चाच्या?

स्थिर किमतीचा जीडीपी सध्या 2017 च्या साखळी डॉलरमध्ये मिळतो. यात दरवर्षी भारांक बदलतात आणि वर्षं साखळीसारखी जोडली जातात. वाढीचा दर काढायला हीच मालिका योग्य. पण साखळी डॉलरचा एक गुणधर्म पक्का लक्षात ठेवा, भागांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, आणि 2017 पासून जितकं दूर जाल तितका फरक वाढतो. ही छपाईची चूक नाही. त्यामुळे 'खाण क्षेत्राचा प्रांताच्या जीडीपीत वाटा किती' असा प्रश्न असेल तर साखळी डॉलरचा भागाकार करू नका, चालू किमतीची मालिका घ्या. उद्योगवार चालू किमतीचे आकडे पुरवठा-वापर तक्त्यांवरून येतात आणि काही वर्षं मागे असतात. वाटा सांगताना ते कोणतं वर्ष आहे हे सोबत लिहावंच लागतं.

मूळ किंमत म्हणजे उत्पादकाच्या हातात पडलेली किंमत. तिच्यात केंद्राचा 5 टक्के जीएसटी आणि प्रांताचा 6 टक्के विक्रीकर धरलेला नसतो. 36-10-0402-01 हा मूळ किमतीचा तक्ता, 36-10-0222-01 बाजारभावाचा. दोन्हींचा एकूण आकडा वेगळाच येणार. एका वर्षाचा आकडा इथून आणि पुढच्या वर्षाचा तिथून घेऊन वाढ काढली तर ती वाढ कराची निघते, उत्पादनाची निघत नाही.

आता एक हिशेब जवळून बघू. 2023 साठी प्रांताचा स्थिर किमतीचा जीडीपी 77.9 अब्ज डॉलर आणि 2024 साठी 80.5 अब्ज असे आकडे 2025 च्या मे महिन्यात जाहीर झाले. फरक 2.6 अब्ज. 2.6 भागिले 77.9 केलं की 3.3 टक्के येतात. जाहीर झालेली वाढ मात्र 3.4 टक्के. चूक कोणाची? कोणाचीच नाही. 80.5 हा आकडा 80.45 आणि 80.55 च्या मधला काहीही असू शकतो, 77.9 तसाच 77.85 आणि 77.95 च्या मधला. त्या मर्यादांमध्ये वाढ 3.2 पासून 3.5 टक्क्यांपर्यंत कुठेही बसते. म्हणून वाढीचा दर कधीही बातमीतल्या गोल आकड्यावरून काढू नका, तक्त्यातल्या दशलक्षातल्या पूर्ण आकड्यावरून काढा. आणि नोव्हेंबरमध्ये हेच आकडे पुन्हा बदलू शकतात, म्हणून फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख टाका. जुनी फाइल पुसू नका. दुरुस्ती कोणत्या दिशेने झाली हीसुद्धा माहितीच आहे.

दोन गोष्टी थोडक्यात. स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं काल्पनिक भाडं धरलेलं असतं, त्यामुळे ते क्षेत्र फुगीर दिसतं. आणि वीज देणारी सास्कपॉवर किंवा फोन चालवणारी सास्कटेल प्रांत सरकारच्या मालकीच्या असल्या तरी त्यांचं उत्पादन सरकारी प्रशासनात येत नाही. वर्गीकरण कामावरून होतं, मालकीवरून नाही.

पोटॅश, युरेनियम, तेल: वजनाचा घोळ

मूल्य आणि वजन यांतला फरक पोटॅशमध्ये सर्वांत ठसठशीत दिसतो. 2022 मध्ये रशिया आणि बेलारूसच्या पुरवठ्यावर टाच आली, जगभर पोटॅशचे भाव भडकले आणि सास्काचेवानच्या पोटॅश विक्रीचं मूल्य एका वर्षात दुपटीहून जास्त झालं. खाणींतून निघालेल्या टनांमध्ये तशी काही उडी नव्हती. मूल्य बघणारा म्हणेल खाणी दुप्पट चालल्या. टन बघणारा म्हणेल विशेष काही झालं नाही. दोघेही अर्धवट बोलतात.

हे वेगळं करायची रीत सोपी आहे. मूल्याला टनांनी भागा, दर टनाची सरासरी किंमत मिळते. समजा मूल्य 2.4 पट झालं आणि टनेज 0.95 पट. मग 2.4 भागिले 0.95 म्हणजे 2.53. भाव अडीच पटीने वाढला आणि माल पाच टक्क्यांनी घटला. प्रत्येक वर्षाच्या ओळीत मूल्य, टन आणि भाव असे तीन खाने ठेवले की गोष्ट आपोआप उलगडते. भाव काढताना चलन तपासा. पोटॅशचे सौदे अमेरिकी डॉलरमध्ये होतात, स्टॅटकॅन कॅनडियन डॉलरमध्ये छापतं.

पण टन कशाचे? इथे आपल्या शेतकऱ्याला जे पाठ असतं तेच कामी येतं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोच्या गोणीवर 60 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे गोणीत पालाश 30 किलो, के2ओच्या, म्हणजे पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात. सास्काचेवानच्या आकड्यांतही नेमकी हीच दोन मापं आहेत. सरकारी खनिज आकडेवारी बहुधा के2ओच्या टनांत असते, खाण कंपन्यांचे अहवाल गोणीत भरायच्या मालाच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या टनांत. शुद्ध क्लोराइडमध्ये के2ओ 63.2 टक्के, बाजारातल्या मालात 60 ते 62 टक्के. म्हणून 61 टक्के धरून के2ओच्या टनांना 1.64 ने गुणलं की मालाचे टन मिळतात. दोन अहवालांत साठ-पासष्ट टक्क्यांचा फरक दिसला तर आधी माप बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

कंपन्यांचे अहवाल वापरायचे तर खाणींची नावं ओळखीची असू द्या. रोकानव्हिल, लॅनिगन, ॲलन, कोरी, व्हॅन्सकॉय आणि पेशन्स लेक न्यूट्रिएन कंपनीच्या. एस्टरहेझी, बेल प्लेन आणि कोलॉन्से मोझॅकच्या. बेथून के प्लस एस कंपनीची, 2017 मध्ये सुरू झालेली. यान्सन इथे बीएचपी नवी खाण उभारते आहे. तिचं बांधकाम चालू असेपर्यंत तो खर्च 23 या संकेतांकात बांधकाम म्हणून दिसतो, उत्पादन सुरू झाल्यावर 212396 मध्ये. बांधकाम क्षेत्र अचानक फुगलं आणि मग ओसरलं तर त्याला लगेच मंदी म्हणू नका, कुठला प्रकल्प संपला ते शोधा.

युरेनियममध्ये दोन सापळे. पहिला मापाचा. कंपन्या यू3ओ8 चे, म्हणजे युरेनियम ऑक्साइडचे पौंड सांगतात, आंतरराष्ट्रीय तक्ते शुद्ध युरेनियमचे टन. एक टन युरेनियम म्हणजे सुमारे 2,600 पौंड यू3ओ8, तेव्हा 1.8 कोटी पौंड म्हणजे सुमारे 6,900 टन. दुसरा सापळा 'आमचा वाटा' या शब्दांत दडलेला. सिगार लेक आणि मॅकआर्थर रिव्हर या दोन्ही खाणी भागीदारीतल्या आहेत. कॅमेको ही कंपनी त्या चालवते, पण पहिलीत तिचा वाटा सुमारे 54.5 टक्के, दुसरीत सुमारे 70. अहवालात एका तक्त्यात पूर्ण खाणीचं उत्पादन असतं, दुसऱ्यात फक्त कंपनीच्या वाट्याचं. प्रांताच्या उत्पादनासाठी पूर्ण शंभर टक्क्यांचा आकडाच घ्यायचा. मॅकआर्थर रिव्हर 2018 च्या सुरुवातीपासून 2022 पर्यंत बंद होती, कारण जगात युरेनियमचा भाव पडला होता. त्या वर्षांची तुलना करताना वहीच्या समासात ही नोंद हवीच.

तेलाचा तक्ता घनमीटरमध्ये आहे. 6.29 ने गुणलं की पिंप. महिन्याचा आकडा त्या महिन्याच्या दिवसांनी भागून दिवसाचा काढा, नाहीतर फेब्रुवारीत दरवर्षी तेल आटल्यासारखं दिसतं. उत्पादन ज्या विहिरीतून निघालं त्या प्रांतात मोजतात, कंपनीचं मुख्य कार्यालय अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत असलं तरी. लॉइडमिन्स्टर शहर तर अल्बर्टा आणि सास्काचेवानच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेलं आहे. शहराच्या नावाने आकडे गोळा केले तर दोन प्रांत एकमेकांत मिसळतात.

शेती: तीन वर्षं, दोन क्षेत्रं

इथे एकाच वेळी तीन वर्षं चालतात. जीडीपी जानेवारी ते डिसेंबर. प्रांताचं अंदाजपत्रक आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. पीक वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै. '2021-22' असं कुठेही दिसलं की ते यातलं कोणतं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेरणी मे महिन्यात, काढणी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. उत्पादनाचा पहिला अंदाज ऑगस्टअखेर येतो, उपग्रह आणि हवामानाच्या प्रारूपावरून. दुसरा सप्टेंबरमध्ये त्याच पद्धतीने. डिसेंबरचा आकडा शेतकऱ्यांना विचारून केलेल्या पाहणीचा, म्हणून भक्कम. ऑगस्टचा आकडा 'अंदाज' असं लिहूनच वापरावा.

तक्त्यात क्षेत्राचे दोन रकाने आहेत, पेरलेलं आणि काढलेलं. उतारा काढलेल्या क्षेत्रावर मोजतात. दुष्काळात शेतकरी काही शेत काढतच नाही, चाऱ्याला सोडतो, आणि मग उतारा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो. नुकसान मोजायचं तर उत्पादनाला पेरलेल्या क्षेत्राने भागा. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की दुष्काळाचा खरा घाव दिसतो.

मापं बुशेल आणि एकरात. एकर आपलाच, 40 गुंठ्यांचा. बुशेल हे आकारमान असल्यामुळे पिकागणिक वजन बदलतं: गहू, मसूर आणि वाटाणा 60 पौंड, कॅनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी) 50, बार्ली (जव) 48, जवस 56. एकरी 45 बुशेल गहू म्हणजे 2,700 पौंड, म्हणजे सव्वाबारा क्विंटल. एकरी 35 बुशेल कॅनोला म्हणजे जेमतेम आठ क्विंटल. मसुराचा उतारा बहुधा थेट पौंडांत सांगतात, 220 ने भागलं की क्विंटल.

2021 चा दुष्काळ सरावासाठी उत्तम. कॅनडाचा गहू 2020 मध्ये सुमारे 3.5 कोटी टन होता, तो सुमारे 2.2 कोटींवर आला. मसूर 29 लाख टनांवरून 16 लाखांवर, आणि कॅनडाच्या मसुरापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास सास्काचेवानातच पिकतो. बाकी देश कोविडमधून सावरत असताना या प्रांताची वाढ त्या वर्षी शून्याखाली गेली. पुढच्या वर्षी पीक परत आलं आणि वाढ सहा टक्क्यांच्या जवळ पोचली, देशात सर्वांत पुढे. ती सहा टक्के वाढ एकटी वाचली तर भरभराट वाटते. दोन्ही वर्षं मिळून सरासरी काढली की त्यातला बराचसा भाग खड्डा भरण्यात गेला हे कळतं. म्हणून इथे एका वर्षाच्या वाढीऐवजी तीन वर्षांची सरासरी सांगण्याची सवय लावा.

दुष्काळाचा परिणाम जीडीपीत काढणीच्या वर्षी दिसतो. रेल्वे, यॉर्कटनचे कॅनोला गाळणारे कारखाने आणि निर्यात यांना मात्र तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतो, कारण मालच कमी असतो. शेतीच्या रोख रकमेचा तक्ता तर उलटीच दिशा दाखवू शकतो. त्यात माल विकला तेव्हाची रक्कम धरतात, आणि पीकविम्याची भरपाईसुद्धा. पीक गेलं, भाव चढले, भरपाई आली, तर रोख रक्कम वाढते. खत, बियाणं, डिझेलचा खर्चही त्यातून वजा केलेला नसतो. तेव्हा तिला शेतीचं उत्पादन किंवा उत्पन्न म्हणू नका.

निर्यात आणि भारताच्या आकड्यांशी मेळ

प्रांताच्या निर्यातीत मालाचं मूळ ठिकाण धरतात, जहाज व्हँकूवरहून सुटलं तरी. आयात मात्र जिथे सीमाशुल्काचे कागद झाले त्या प्रांताच्या नावावर पडते. ओंटॅरिओत कागद झालेला ट्रॅक्टर सास्काचेवानच्या शेतात चालत असला तरी आकड्यात तो ओंटॅरिओचा. म्हणून निर्यातीतून आयात वजा करून 'प्रांताचं व्यापारी आधिक्य' काढणं टाळा.

वस्तूंचे संकेतांक पहिल्या सहा अंकांपर्यंत जगभर सारखे आहेत, ही मोठीच सोय. मसूर 0713.40, वाटाणा 0713.10, हरभरा 0713.20, पोटॅशियम क्लोराइड 3104.20. हेच अंक भारताच्या वाणिज्य मंत्रालयाच्या आयात आकडेवारीत टाकले की समोरची बाजू दिसते. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. कॅनडा निर्यातीत बंदरापर्यंतची किंमत धरतो, भारत आयातीत जहाजभाडं आणि विमाही. प्रेअरीतून, म्हणजे कॅनडाच्या मैदानी पट्ट्यातून, रेल्वेने निघालेला माल भारतात उतरेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं. दुबई किंवा तुर्कस्तानला विकलेला मसूर भरडून पुढे गेला तर तिकडची नोंद एका देशाची, इथली दुसऱ्याची. शिवाय आपल्या आकड्यात फक्त 'कॅनडा' असतं, प्रांत नसतो. म्हणून आधी टन जुळवा, मूल्य नंतर. महिनावार मेळ घालत बसू नका, बारा महिन्यांची बेरीज घ्या.

धोरणाच्या तारखा समासात लिहून ठेवाव्यात. भारताने नोव्हेंबर 2017 मध्ये वाटाण्यावर 50 टक्के आणि डिसेंबर 2017 मध्ये मसुरावर 30 टक्के शुल्क लावलं. पुढच्या वसंतात सास्काचेवानात दोन्ही पिकांचा पेरा घटला. चीनने मार्च 2025 मध्ये कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर 100 टक्के शुल्क लावलं. अशा तारखा शेजारी नसल्या तर पेरणीचे आकडे नुसते वरखाली होताना दिसतात.

रोजगार

मासिक रोजगाराचे आकडे नमुना पाहणीतून येतात आणि हा प्रांत छोटा आहे. महिन्यात दोन-तीन हजार नोकऱ्या वाढल्या-घटल्या तर तो फरक नमुन्याच्या चुकीतच बसतो. ऋतूंमुळे होणारा चढउतार वगळलेली मालिका घ्या, तीन महिन्यांची सरासरी धरा. आणि ही पाहणी आदिवासी राखीव क्षेत्रांत राहणाऱ्यांना मोजत नाही. सास्काचेवानात अशा लोकांची संख्या मोठी असल्यामुळे इथला बेरोजगारीचा दर सगळ्या प्रांताचा आहे असं लिहिणं खरं ठरत नाही. ही एक ओळ टीप म्हणून प्रत्येक वेळी घाला.

शीट कशी मांडायची

एका पानावर वर्षाला एक ओळ आणि रकाने असे: स्थिर किमतीचा जीडीपी, त्याची वाढ, तीन वर्षांची सरासरी वाढ, शेतीचा आणि खाणींचा स्थिर किमतीचा आकडा. दुसऱ्या पानावर मालाचे टन: गहू, कॅनोला, मसूर, वाटाणा, पोटॅश, युरेनियम, तेल. प्रत्येकाच्या डोक्यावर माप ठळक लिहा, पोटॅशवर 'के2ओ' की 'माल' हे नक्की. तिसऱ्या पानावर त्याच मालाचं मूल्य, आणि चौथ्यावर भागाकार करून आलेले भाव. शेवटचा रकाना समासासाठी: दुष्काळ, बंद खाण, शुल्क, नवा प्रकल्प.

मेमध्ये पहिलं पान बदलतं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा. डिसेंबरमध्ये पिकांचे पक्के आकडे आले की ऑगस्टचे अंदाज शेजारच्या रकान्यात सरकवा, पुसू नका. चार-पाच वर्षं असे दोन्ही आकडे साठले की ऑगस्टचा अंदाज कोणत्या पिकात कमी पडतो आणि कोणत्यात जास्त, हे तुमच्याच शीटमध्ये दिसू लागतं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये मसुराचा सौदा करताना ते हाताशी असतं.